अहवालात एक अक्षर बदललंय. आता मी काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

माझं वय ३४. आईला ४६ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. उपचार झाले, आज ती बरी आहे; तिची जनुकीय तपासणी मात्र झालेली नाही. काही महिन्यांपूर्वी मी स्वतःची जनुकीय तपासणी करून घेतली. बीआरसीए-२ या जनुकात एक अक्षर बदललंय, त्यामुळे प्रथिनात एका जागी वेगळं अमिनो आम्ल येतं, आणि या बदलाचं ‘महत्त्व अनिश्चित’ आहे, असं अहवालात लिहिलंय. नवरा म्हणतो, तीनशे कोटी अक्षरांत एक इकडचं तिकडं झालं तर काय होतंय? मला मात्र झोप लागत नाही. एका अक्षरानं ‘ध’चा ‘मा’ होतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इंटरनेटवरच्या एका साधनात हा बदल टाकून पाहिला, तर ‘हानिकारक असण्याची शक्यता’ असं उत्तर आलं. अनिश्चित म्हणजे पन्नास टक्केच ना? मग दोन्ही स्तन काढून टाकावेत आणि एकदाचा प्रश्न मिटवावा, असं वाटतं. धाकटी बहीण सात महिन्यांची गरोदर आहे, तिला सांगावं की नाही कळत नाही. आणि सहा वर्षांच्या माझ्या मुलीकडे पाहिलं की वाटतं, हिलाही मी हेच दिलं असेल.

उत्तर:

सगळ्यात आधी शस्त्रक्रियेबद्दल. बाकीचे निर्णय आज घेतले आणि उद्या बदलले तरी चालतात, हा तसा नाही. तुमच्या हातात आज जो कागद आहे, तेवढ्या आधारावर ही शस्त्रक्रिया करून घेऊ नका. हे माझं एकटीचं मत नाही. जनुकीय बदलांचा अर्थ कसा लावायचा याचे जे निकष अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्स या संस्थेनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केले आणि जे आज जगभरातल्या प्रयोगशाळा वापरतात, त्यांतही हेच सांगितलंय: महत्त्व अनिश्चित असलेल्या बदलावरून उपचारांचा निर्णय घेऊ नये.

पण असं का, हे उलगडून सांगितलं नाही, तर ही तुम्हाला टोलवाटोलवी वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही आणि तुमचा नवरा दोघंही एकच गोष्ट मोजताय: अक्षरं किती बदलली. त्याचं म्हणणं, एकच तर बदललंय, सोडून दे. तुमचं म्हणणं, एकही पुरे असतं, आता सगळं संपलं. मला विचाराल तर इथे आकडा फारसं काही सांगत नाही. कुठलं अक्षर, कुठल्या जागी, आणि त्या जागी प्रथिनाचं कोणतं काम चालतं, हे पाहावं लागतं. ‘ध’चा ‘मा’ची गोष्ट आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे की एक अक्षर म्हटलं की कुणाचा तरी जीव गेलाच असं वाटतं. रोजचं लिहिणं आठवून पाहा. घाईत कुणी ‘पाणि’ लिहिलं तरी आपण ‘पाणी’च वाचतो. ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतही वेलांटीचाच फरक, पण एक म्हणजे डोकं आणि दुसरी म्हणजे रक्तवाहिनी. चूक एकाच जातीची, ऱ्हस्व-दीर्घाची. एका शब्दाला ती चालून जाते, दुसऱ्याचा अर्थच बदलते.

डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी आणि सी. पेशी ती तीन-तीनच्या गटानं वाचते. अशा एका त्रिकुटाला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांपासून ६४ त्रिकुटं होतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या त्रिकुटांतली ६१ कुठलं ना कुठलं अमिनो आम्ल सांगतात आणि उरलेली ३ ‘इथे साखळी संपव’ असा इशारा देतात. अमिनो आम्लं मात्र २०च. म्हणजे बहुतेक अमिनो आम्लांना एकापेक्षा जास्त त्रिकुटं वाट्याला आलेली आहेत, आणि एवढ्यानंच कितीतरी बदल जागच्या जागी विरून जातात.

आता एकच त्रिकूट घेऊ आणि त्याच्यापाशी थोडं थांबू. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागेचं त्रिकूट आहे जीएजी, आणि त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. यातलं शेवटचं अक्षर बदलून जीएए झालं, तरी अर्थ ग्लुटामिक आम्लच राहतो. साखळी जशीच्या तशी. हा मूक बदल. मधलं अक्षर बदलून जीटीजी झालं तर तिथे व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन तेलासारखं, पाण्यापासून दूर राहू पाहणारं. ही जागा प्रथिनाच्या पृष्ठभागावर आहे. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खाचेत जाऊन बसतं, त्याला तिसरा रेणू चिकटतो, मग चौथा, आणि लांबच लांब ताठ धागे तयार होतात. ते आतून ताणत राहतात आणि गोल मऊ रक्तपेशी कोयत्यासारखी वाकडी होते. हाच सिकलसेल आजार. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, आणि १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी सगळा फरक या एका अमिनो आम्लाचा आहे हे सिद्ध केलं.

त्याच त्रिकुटाचं पहिलं अक्षर बदलून एएजी झालं तर तिथे लायसिन येतं. त्याला हिमोग्लोबिन सी म्हणतात. दोन्ही प्रती तशा असल्या तरी होणारा त्रास सिकलसेलपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. जागा तीच, बदल एकाच अक्षराचा, तरी आजार वेगळा. आणि पहिल्या अक्षराच्या जागी टी आला तर टीएजी, म्हणजे थेट ‘इथे संपव’. साखळी सुरू होते न होते तोच थांबते.

हे अक्षरांच्या अदलाबदलीचं झालं. त्याच त्रिकुटातलं मधलं ए गळूनच गेलं तर गोष्ट आणखी वेगळी. ‘कमल घरात बसून लिहीत असते’ हे वाक्य घ्या, प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. ‘घ’च्या जागी ‘दा’ आला तर कमल दारात बसते, फार काही बिघडत नाही. ‘ब’च्या जागी ‘रु’ आला तर ती रुसते, अर्थ बदलतो पण वाक्य उभं राहतं. आता ‘म’ काढून टाका आणि उरलेलं पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाचा: ‘कलघ रातब सूनलि हीतअ सते’. पेशीला शब्दांमधली मोकळी जागा दिसत नाही, ती फक्त मोजत जाते. म्हणून एक अक्षर गळलं की पुढची सगळी चौकट सरकते. हिमोग्लोबिनच्या त्या त्रिकुटात असंच झालं की बीटा साखळी बनतच नाही आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचं कारण तयार होतं.

तीन अक्षरांच्या एवढ्याशा जागेत इतक्या वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. म्हणून ‘एक अक्षर बदललंय’ या वाक्यावरून धीर धरायचा की घाबरायचं, हे ठरवताच येत नाही. मूक बदलही नेहमी मूक राहतोच असं नाही. प्रोजेरिया हा मुलांना अकाली वार्धक्य आणणारा दुर्मीळ आजार आहे. २००३ मध्ये त्याचं कारण सापडलं. लॅमिन-ए जनुकाच्या ६०८ व्या त्रिकुटात एक अक्षर बदललेलं होतं. आधी ग्लायसिन, बदलानंतरही ग्लायसिनच. पण त्या नव्या अक्षरामुळे जनुकाचा संदेश भलत्याच ठिकाणी कापला जातो आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळून पडतात. उलट टोकाला सिकलसेलचाच बदल पाहा. त्याची एकच प्रत असेल तर माणूस बहुधा निरोगी असतो, आणि वर गंभीर मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षणही मिळतं.

आता तुमच्या जनुकाकडे येऊ. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले तर ते बिनचूक सांधण्याच्या कामात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची प्रथिनं लागतात. बीआरसीए-२चं प्रथिन मोठं आहे, ३,४१८ अमिनो आम्लांचं. दुरुस्ती करणाऱ्या आरएडी-५१ या दुसऱ्या प्रथिनाला तुटलेल्या जागी नेऊन बसवणं हे त्याचं मुख्य काम. एवढ्या लांब साखळीत सगळ्याच जागा सारख्या मोलाच्या नसतात.

तुमच्या अहवालात असते तशी एक ओळ वाचून दाखवते. ही बीआरसीए-१ची आहे: ‘सी. १८१ टी > जी, पी. सिस्टीन ६१ ग्लायसिन’. यातला ‘सी’ सांगतो की मोजणी जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या भागातली आहे, आणि ‘पी’ सांगतो की पुढचा आकडा प्रथिनातला आहे. साठ त्रिकुटांची १८० अक्षरं झाली, म्हणजे १८१ वं अक्षर हे ६१ व्या त्रिकुटाचं पहिलं. तिथे टीजीटीचं जीजीटी झालं आणि सिस्टीनऐवजी ग्लायसिन आलं. इतकंच. पण हे सिस्टीन जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या काही मोजक्या अमिनो आम्लांपैकी एक आहे, आणि त्या जस्ताभोवती प्रथिनाचा तो सगळा भाग घडी घालून बसलेला असतो. पकड सुटली की घडी मोडते. हा बदल निःसंशय रोगकारक मानला जातो.

आता दुसरी ओळ, बीआरसीए-२ची: ‘पी. लायसिन ३३२६ थांबा’. ‘थांबा’ शब्द दिसला की कुणाच्याही छातीत धस्स होईल. प्रथिन मध्येच तुटतंय असा त्याचा अर्थ. पण ते तुटतं अगदी शेपटाशी. फक्त शेवटची ९३ अमिनो आम्लं बनत नाहीत आणि मुख्य काम करणारे भाग शाबूत राहतात. स्तनाच्या कर्करोगाचा मोठा धोका देणाऱ्या बदलांत याची गणना होत नाही. तेव्हा एक अमिनो आम्ल बदलणारा बदल घातक ठरला, आणि साखळी तोडणारा बदल जवळपास निरुपद्रवी. या दोन ओळी मी समुपदेशनाला आलेल्या अनेकांना शेजारी शेजारी लिहून दाखवते, कारण कागदावरचा शब्द किती भीतिदायक वाटतो यावरून काहीच ठरत नाही हे त्यातून पटकन कळतं.

आता ‘अनिश्चित’ या शब्दाकडे वळते. तुम्ही त्याचा अर्थ पन्नास टक्के असा लावलाय. इथेच तुमची सगळ्यात मोठी गल्लत होतेय असं मला वाटतं. प्रयोगशाळा प्रत्येक बदलाला पाचांपैकी एका खणात टाकते: रोगकारक, बहुधा रोगकारक, महत्त्व अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. यातल्या ‘बहुधा’लाही कडक अट आहे, नव्वद टक्क्यांहून जास्त खात्री हवी. कुठल्याच बाजूला तेवढा पुरावा जमला नाही की बदल मधल्या खणात जातो. आत्ता निकाल देण्याइतका पुरावा नाही, एवढंच तो खण सांगतो. तुमच्या धोक्याचं मोजमाप तो करत नाही. आणि या खणात तुम्ही एकट्या नाही. माणसांमध्ये आजवर अमिनो आम्ल बदलणारे ४० लाखांहून जास्त बदल दिसलेले आहेत, आणि त्यांतल्या जेमतेम २ टक्के बदलांचं वैद्यकीय वर्गीकरण झालेलं आहे, असा २०२३ मधला अंदाज आहे.

यात एक गोष्ट मनाला लागते. एखादा बदल निरुपद्रवी आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तो पुष्कळ निरोगी लोकांत सापडणं. पण ज्या लोकसमूहांचे जनुकीय नमुने जागतिक संग्रहांत कमी आहेत, त्यांच्यात सर्रास आढळणारा बदलही प्रयोगशाळेला नवाच वाटतो, आणि अहवालावर ‘अनिश्चित’ पडतं. म्हणजे काही जणींच्या वाट्याला हा शब्द येतो तो त्यांच्या जनुकातल्या दोषामुळे नव्हे, नोंदी अपुऱ्या असल्यामुळे. हे अन्यायाचं आहे, आणि ते बदलायला हवं.

तुम्ही ज्या साधनात बदल टाकून पाहिलात, त्याच्याबद्दलही सांगते. अशी साधनं प्रामुख्यानं दोन गोष्टी पाहतात: इतर प्राण्यांतही त्या जागी तेच अमिनो आम्ल टिकून आहे का, आणि जुन्या-नव्या अमिनो आम्लांच्या स्वभावात किती अंतर आहे. दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण २०१५च्या निकषांत त्यांना केवळ आधारापुरतं वजन दिलंय, आणि एवढ्यावरून निकाल लावत नाहीत. प्रयोगशाळेनं हे पाहिलेलं असतंच. ते पाहूनही त्यांनी ‘अनिश्चित’ लिहिलं. रात्री तेच उत्तर पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्यानं पुराव्यात काहीच भर पडत नाही. कृपा करून ते पान बंद करा.

आता तुमच्या नवऱ्याच्या बाजूची चूक. ती मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच अहवाल घेऊन एक बाई आल्या होत्या. त्यांची घालमेल पाहवेना, म्हणून मी ‘यात काळजीचं काही नाही’ असं सांगून त्यांना मोकळं केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, मलाही बरं वाटलं. वर्षभरानं पुन्हा भेटल्या तेव्हा कळलं की त्यांनी नियमित तपासण्याही बंद केल्या होत्या, कारण ‘तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून’. त्यांना पुढे काही झालं नाही, पण माझं ते वाक्य मी विसरलेले नाही. अनिश्चित म्हणजे दोषी नव्हे, तसंच निर्दोष सुटकाही नव्हे. आणि मुख्य म्हणजे, आईला ४६ व्या वर्षी कर्करोग झाला होता, ही गोष्ट अहवालात काहीही आलं असतं तरी खरीच राहिली असती. तुमच्यावर लक्ष कसं ठेवायचं हे आज त्या इतिहासावरून ठरवायचं आहे, त्या एका अक्षरावरून नाही. ज्यांचा धोका घरच्या इतिहासामुळे सरासरीपेक्षा बराच जास्त ठरतो, त्यांच्या तपासण्या नात्यातल्या सर्वात लहान वयाच्या निदानाच्या सुमारे १० वर्षं आधीपासून सुरू करायचा प्रघात आहे. तुमच्या बाबतीत ते वय छत्तीस येतं, फार लांब नाही. मॅमोग्राफी कधीपासून, जोडीला एमआरआय लागेल का, हे दोन्हीकडच्या नातेवाइकांची माहिती घेऊन डॉक्टर ठरवतील. दोन्हीकडच्या, हे मुद्दाम म्हणते. स्तनाचा कर्करोग म्हटलं की आपण फक्त आईचं माहेर तपासतो. ही जनुकं वडिलांकडूनही तितकीच येतात. आत्यांची, वडिलांच्या आईची विचारपूस करा.

मग आता करायचं काय? तपासणीचा क्रम उलटा झालाय, तो सरळ करा. जिला आजार झाला तिची तपासणी आधी व्हायला हवी होती. तुमच्या आईची झालेलीच नाही. आईला नुसता तुमचाच बदल आहे का, एवढंच पाहून भागणार नाही. तिची या आजाराशी संबंधित जनुकांची पूर्ण तपासणी करून घ्या. तिच्यात दुसरा एखादा स्पष्ट रोगकारक बदल सापडला आणि तो तुमच्यात नसेल, तर तिच्या आजाराचं कारण मिळालं आणि ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही, असा मोठा दिलासा मिळेल. तुमचा तो अनिश्चित बदल तिच्यात नसेलच, तर तो बहुधा वडिलांकडून आलाय आणि आईच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. आणि तो तिच्यातही असला, तर? तर लगेच दचकू नका. मुलीतला असा कुठलाही बदल आईकडून आलेला असण्याची शक्यता तशीही निम्मी असते. एका आईत आणि एका मुलीत एक अक्षर सारखं निघालं, यानं फारसं काही सिद्ध होत नाही. कुटुंबातल्या आणखी आजारी आणि निरोगी माणसांत तो कसा वाटला गेलाय, हे पाहावं लागतं.

आईला हे सांगायला तुम्ही कचरत असाल, असं मला वाटतं. तिला वाटेल, माझ्यामुळे. ते टाळायचं असेल तर तिच्याकडे मदत म्हणून मागा: माझ्या अहवालाचा अर्थ लागायला तुझा अहवाल हवाय. हे खरंही आहे.

दुसरं काम कागदाचं. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवा आणि त्यातली जनुकाचं नाव, ‘सी’ची ओळ, ‘पी’ची ओळ आणि तारीख वेगळी लिहून काढा. वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला किंवा समुपदेशकाला विचारायचं, याचं वर्गीकरण बदललं का? प्रयोगशाळा आपणहून कळवेल या भरवशावर राहू नका. पत्ते बदलतात, फोन नंबर बदलतात. आणि विचारण्यात अर्थ आहे, कारण या क्षेत्रात काम जोरात चालू आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी बीआरसीए-१च्या महत्त्वाच्या भागांतले जवळपास ४,००० एकाक्षरी बदल पेशींमध्ये एकेक करून घडवून पाहिले, कोणते चालतात आणि कोणत्यांनी पेशी मरते ते तपासलं. २०२५ मध्ये बीआरसीए-२च्या डीएनएला धरणाऱ्या भागावर तसंच काम प्रसिद्ध झालं, त्यात जवळपास ७,००० बदल होते. तुमचा बदल त्या भागात येत असेल तर कदाचित आजच त्याच्याबद्दल तुमच्या अहवालापेक्षा जास्त माहिती असेल. ‘अनिश्चित’मधून जे बदल पुढे दुसऱ्या खणात जातात, त्यांतले बहुतेक निरुपद्रवीच्या बाजूला जातात. तुमचाही जाईल, असं वचन मी देऊ शकत नाही.

तो रोगकारक ठरलाच तर? हाही विचार आजच करून ठेवू, म्हणजे अंधारात चाचपडायला नको. बीआरसीए-२मध्ये निश्चित रोगकारक बदल असलेल्या स्त्रियांना ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ६९ टक्के, तर अंडाशयाच्या कर्करोगाची सुमारे १७ टक्के दिसली. आकडे मोठे आहेत, ते लपवून चालणार नाही. पण तेव्हाही ती खात्री नसते. प्रत्येक पेशीत या जनुकाची दुसरी, चांगली प्रत असते आणि एखाद्या पेशीत तीही बिघडली तरच वाट मोकळी होते. तेव्हा शस्त्रक्रिया हा खरोखर विचार करण्याजोगा पर्याय असेल, वर्षातून ठरावीक वेळी एमआरआय आणि मॅमोग्राफी हा दुसरा असेल, औषधांचाही असेल. अनेक जणींनी पूर्ण विचार करून शस्त्रक्रिया निवडलेली आहे आणि त्यांचा निर्णय योग्य होता. त्यांच्या हातात ‘रोगकारक’ असं लिहिलेला कागद होता. तुमच्या हातात तो नाही. भीती घालवायला म्हणून शरीराचा निरोगी भाग काढायचा आणि चार वर्षांनी ‘बदल निरुपद्रवी’ असं पत्र यायचं, हे तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून इतकं जीव तोडून लिहितेय.

धाकट्या बहिणीचं पाहू. तिनं या बदलासाठी स्वतःची तपासणी करून घ्यायची आज गरज नाही. निघालं किंवा नाही निघालं, तरी त्यावरून तिच्यासाठी वेगळं काहीच करायचं नाही. मग सातव्या महिन्यात तिला ही धाकधूक देण्याची घाई कशाला? आईला कर्करोग झालाय हे तिला ठाऊकच आहे, आणि तिच्या डॉक्टरांना तेवढं कळलेलं असणं पुरे आहे. बाळंतपण होऊ द्या, आईचा अहवाल येऊ द्या, मग सांगा. पण कायमचं दडवून ठेवू नका. पुढे वर्गीकरण बदललं तर तिला ते कळण्याचा हक्क आहे, आणि तेव्हा ‘तुला इतकी वर्षं माहीत होतं?’ हा प्रश्न तुमच्या दोघींमध्ये यायला नको. आईच्या तपासणीत स्पष्ट रोगकारक बदल निघाला तर मात्र लगेच सांगायला हवं.

आणि तुमची मुलगी. पत्रातलं ते शेवटचं वाक्य वाचून मला गलबलून आलं. पेशी दुभंगताना सगळा डीएनए पुन्हा लिहून काढते आणि लिहिलेलं तपासतेही. तपासून झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते. सी हे अक्षर तर कुणी हात न लावताही कधी कधी आपोआप बदलतं, आणि टी वाचलं जाऊ लागतं. या सगळ्यातून प्रत्येक नवजात बाळ असे साधारण ६० ते ७० एकाक्षरी बदल घेऊन जन्माला येतं, जे आईतही नसतात आणि बापातही नसतात. तुमच्या मुलीत आहेत, माझ्यात आहेत, हे वाचणाऱ्या प्रत्येकात आहेत. त्यांतले जवळजवळ सगळे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तुमचं ते अक्षर तिच्याकडे गेलं असण्याची शक्यता निम्मी. गेलं असेल तर ते तुम्ही निवडून दिलेलं नाही, जसं तुम्हाला ते कुणी निवडून दिलं नव्हतं. तिची तपासणी आत्ता करू नका. बीआरसीएचे आजार मोठेपणीचे आहेत, म्हणून निश्चित रोगकारक बदल असलेल्या घरांतही लहान मुलांची ही तपासणी टाळतात. सज्ञान झाल्यावर हवं तर ती स्वतः ठरवेल.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. आईबरोबर जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या, आणि जाताना दोन्हीकडच्या नातेवाइकांचा एक तक्ता सोबत न्या: कोणाला कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. तुमच्या वडिलांच्या बहिणींपासून सुरुवात करा, त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही.